पिसा येथे प्रत्यक्ष पाहणी

कार्यकारी अभियंता निवृत्त झाला की त्याची जीप जाते, शिपाई जातो, रेस्ट हाऊसच्या खानसाम्याच्या हातची कोंबडी जाते. नजर तेवढी जात नाही. ती मरेपर्यंत सेवेत असते. लग्नाला गेला तर हा माणूस नवरा-नवरीच्या आधी हॉलच्या तुळया बघतो. दहाव्याला घाटावर गेला तरी पायऱ्यांची उंची सारखी नाही हे त्याच्या लक्षात येतं, आणि ते तो गुरुजींना सांगतो. नव्या सुनेच्या माहेरी पहिल्यांदा चहाला गेल्यावर त्यानं भिंतीवर बोटाचं पेर वाजवून पाहिलेलं असतं, आणि 'गिलावा पोकळ आहे' हा निष्कर्ष परतीच्या वाटेवर गाडीत जाहीर केलेला असतो. पुढे अशा माणसाची मुलं परदेशात नोकरीला लागतात आणि 'बाबा, आता तरी जग बघा' म्हणून त्याचे युरोप सहलीचे पैसे भरतात. तो येतो. पण जग बघत नाही. जगाची पाहणी करतो.

प्रत्येक सहलीत असे एक साहेब असतात. आमच्या बसमध्ये ते पुढून दुसऱ्या बाकावर खिडकीशी होते, आणि शेजारी वहिनी. ओळखपरेडमध्ये त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं होतं, पण ते कुणी वापरलं नाही. पहिल्या नाश्त्यापासून सगळे त्यांना 'साहेब'च म्हणू लागले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक हिरव्या शाईचं. परदेशात हिरव्या शाईनं कशावर सही करायची होती, कोण जाणे. हात पाठीमागे बांधून चालत. वहिनी त्यांच्या मागे दोन पावलं. यात जुन्या वळणाचा काही संबंध नव्हता. पाहणीला निघालेल्या अधिकाऱ्याच्या बरोबरीनं चाललं की प्रश्न आपल्याला विचारले जातात, एवढं त्या संसारात शिकल्या होत्या.

पॅरिसला आयफेल टॉवरखाली गाइडनं सांगितलं, की याला साधारण दर सात वर्षांनी रंग देतात. आम्ही माना वर करून 'बाप रे' म्हणालो. साहेब म्हणाले, "द्यावाच लागणार. देखभाल-दुरुस्तीचं हेड वेगळं असेल." व्हेनिसला गोंडोलात बसल्यावर गाणं म्हणायचं की नाही, म्हटलं तर कुठलं, यावर आम्हा बायकांत मतभेद चालू असताना साहेब पाण्याच्या रेषेवर विटांना लागलेला लोणा न्याहाळत होते. "खालून ओल चढतेय," ते म्हणाले. वहिनींनी उत्तर दिलं, "ती आपल्याकडेही चढते. त्यासाठी व्हिसा कशाला काढायचा?"

पण हे सगळं दौऱ्यातलं किरकोळ काम होतं. साहेब खरे आले होते ते पिसासाठी.

पिसाला बहुतेक सहली दोन-अडीच तास देतात. बस गावाबाहेर थांबते, तिथून चालत यायचं. वाटेत टोप्या, पट्टे आणि हातभर ते बोटभर उंचीचे मनोरे विकणाऱ्या टपऱ्या. मग जुन्या तटबंदीतलं दार ओलांडलं की एकदम मोठी हिरवळ, आणि तिच्यावर ओळीनं पांढऱ्या संगमरवराची कामं : गोल बाप्तिस्मागृह, मधे कॅथेड्रल आणि त्यामागून डोकावणारा तो. आमच्या सगळ्या गटाच्या तोंडून एकच वाक्य आलं : "अय्या, खरंच वाकडा आहे!" इतकी वर्षं फोटो बघूनही प्रत्येकाला मनातून वाटत असतं, की हा प्रकार फोटोग्राफरचा असावा.

साहेब काही बोलले नाहीत. त्यांचे हात पाठीमागून सुटून पुढे आले. वहिनी माझ्या कानाशी म्हणाल्या, "हात पुढे आले की समजायचं. आता जेवायची वेळ चुकणार."

साहेबांनी पिशवीतून प्लास्टिकचा फोल्डर काढला. वर हिरव्या शाईत 'पिसा'. पॅरिसचा असा फोल्डर नव्हता, स्वित्झर्लंडचा तर नव्हताच. बर्फाला पाया नसतो, एवढं सांगून त्यांनी तो देश निकाली काढला होता. फोल्डरमध्ये कागद तारखेनुसार लावलेले होते आणि कोपऱ्यात भोक पाडून दोरी घातलेली होती. टूर मॅनेजर या तिशीच्या आतल्या पोरानं तो फोल्डर पाहिला आणि आपलं पाठ केलेलं भाषण निम्मं करून टाकलं.

"काम सुरू ११७३ साली," साहेबांनी सुरुवात केली. माझा नवरा सौजन्यानं थांबला, म्हणून ऐकणारा तो. "छप्पन्न मीटरच्या आसपास उंची, साडेचौदा हजार टन वजन. आणि पाया किती खोल? तीन मीटर! खाली काय, तर दहा मीटर गाळ आणि रेती, त्याच्या खाली मऊ चिकणमाती. माझ्या हाताखालच्या पोरानं असं ड्रॉइंग आणलं असतं ना, तर मी त्याच्या तोंडावर फेकलं असतं."

"नसतं फेकलं," वहिनी म्हणाल्या. "मार्च असता तर सही केली असती."

"बांधला कुणी?" नवऱ्यानं विचारलं.

"तीच तर गंमत!" साहेबांच्या आवाजात प्रथमच आदर आला. "कुणी म्हणतं बोनान्नो पिसानो, कुणी म्हणतं दिओतिसाल्वी. आता बघा, हे शेजारचं बाप्तिस्मागृह आहे ना, त्यावर दिओतिसाल्वीनं स्वतःचं नाव कोरून ठेवलंय. मनोऱ्यावर मात्र नाव नाही. कुठे सही करायची हे कुणालाही कळतं हो. कुठे करायची नाही, हे कळायला नोकरी घालवावी लागते."

"आणि पैसे?"

"सुरुवातीच्या पैशांची नोंद आहे. ११७२ मध्ये बेर्ता नावाच्या एका विधवेनं मनोऱ्याच्या दगडांसाठी साठ सोल्दी ठेवले."

वहिनींनी मान हलवली. "म्हणजे पैसे देणाऱ्या बाईचं नाव पक्कं माहीत. काम बिघडवणाऱ्याचं नाही." आणि त्या बाटलीतून दोन घोट पाणी प्यायल्या. त्यांच्या मते पिसाचा इतिहास इथे संपला होता.

साहेबांचा मात्र आता कुठे सुरू होत होता. तीन मजले झाले, चौथ्याला हात लागला, आणि ११७८ मध्ये काम थांबलं. पिसा म्हणजे तेव्हा समुद्रावर व्यापार करणारं तालेवार गणराज्य. जेनोआ, लुक्का, फ्लॉरेन्स, कुणाशी ना कुणाशी भांडण चालूच. लढाईपुढे घंटेच्या मनोऱ्याला कोण विचारतो? जवळजवळ शंभर वर्षं काम बंद. १२७२ मध्ये पुन्हा हात घातला, सात मजले झाले, पुन्हा थांबलं. वरचा घंटाघराचा मजला पुरा झाला तो १३७२ च्या सुमारास.

"दोनशे वर्षं," नवरा म्हणाला. "म्हणजे रखडलंच की काम."

हे त्यानं म्हणायला नको होतं. किंवा यासाठीच साहेब इतकी वर्षं थांबले असावेत. त्यांनी फोल्डर मिटला, चष्मा काढला आणि समोर विधानसभेची लक्षवेधी चालू असावी तशा स्पष्ट आवाजात ते बोलले.

"रखडलं नाही. माती बसत होती."

आजूबाजूची दोन कुटुंबं थांबली.

"ती शंभर वर्षं काम बंद होतं म्हणून मनोरा उभा आहे. वरच्या वजनानं खालच्या चिकणमातीतलं पाणी हळूहळू निघून गेलं, माती दबली, घट्ट झाली. एका दमात सगळे मजले चढवले असते ना, तर त्याच वेळी आडवा झाला असता. आज त्या जागी कुत्रं फिरकलं नसतं. हे मी म्हणत नाही, यावर काम केलेले मातीचे मोठमोठे तज्ज्ञ म्हणतात. मुदतवाढीनं वाचवलं याला. मुदतवाढीनं!"

उभ्या हयातीत त्यांनी वर्तमानपत्रांत वाचलेल्या 'रेंगाळलेला पूल', 'संथगती इमारत' अशा सगळ्या मथळ्यांना हे उत्तर होतं. ते एकट्या माझ्या नवऱ्याला मिळालं, याचं मला वाईट वाटलं.

"आपल्या गच्चीचं वॉटरप्रूफिंगही बरेच दिवस थांबलंय," वहिनी म्हणाल्या. "तिथे काय बसतंय?"

"ते वेगळं हेड आहे," साहेब म्हणाले.

या जोडप्याची ही जुनी पद्धत असावी. साहेब एखादा सिद्धान्त उभा करतात, वहिनी त्याला घरातल्या एका भिंतीशी लावून बघतात. भांडण होत नाही, कुणाचा आवाज चढत नाही, फक्त सिद्धान्त किंचित कलतो. वहिनींचा अधिकारही लहान नव्हता. सगळा संसार त्यांनी बदल्यांच्या गावी सरकारी क्वार्टर्समध्ये केलेला. इमारतींची खाती बघणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या क्वार्टरची दुरुस्ती कधीच होत नाही, कारण आपल्याच घराचं अंदाजपत्रक आपणच कसं मंजूर करायचं, हा साहेबांचा सचोटीचा मुद्दा. त्या सचोटीखाली वहिनींनी कित्येक पावसाळे बादल्या ठेवल्या होत्या.

मग ओळंब्याचा प्रसंग घडला. साहेबांनी वहिनींकडे दोरा मागितला. वहिनींच्या पर्समध्ये हॉटेलातून आणलेली सुई-दोऱ्याची पुडी होती. ती त्यांनी 'हे मागणारच' अशा चेहऱ्यानं दिली. वजन म्हणून सुटकेसचं पितळी कुलूप. झाला ओळंबा. साहेब हिरवळीच्या कडेला पाय फाकवून उभे राहिले, हात लांब केला, एक डोळा मिटला आणि दोऱ्याच्या रेषेत मनोरा धरला.

आता त्या जागेचा रिवाज सांगायला हवा. तिथे एका वेळी शे-दोनशे माणसं हवेत तळवे टेकून उभी असतात. फोटोत ती मनोऱ्याला टेकू देताना दिसतात, बाजूनं बघणाऱ्याला मात्र सामुदायिक कवायत चाललेली वाटते. कुणी पायानं रेटतो, कुणी करंगळीनं, कुणी पाठ लावून. त्या गर्दीत एक पांढऱ्या शर्टातला गृहस्थ दोऱ्याला कुलूप टांगून निश्चल उभा आहे, हे बघितल्यावर लोकांना वाटलं, ही नवी पोझ. एका तरुण जोडप्यानं हसत साहेबांना अंगठा दाखवला आणि लगेच आपल्या बॅगेची किल्ली हेडफोनच्या वायरला अडकवून तसाच हात लांब केला. त्यांचं बघून आणखी कुणी बुटाची नाडी काढली. थोड्या वेळात त्या हिरवळीच्या कडेला ओळंबे धरलेल्यांची चांगली रांग लागली. साहेबांना याचा पत्ता नव्हता. ते एका डोळ्यानं बघत पुटपुटत होते, "साडेपाच अंश होता. चारच्या आत आणलाय. चोख काम."

आणलाय हे खरं आहे, आणि ती कथा साहेबांच्या तोंडूनच ऐकावी. मनोरा शतकानुशतकं दरवर्षी थोडा थोडा दक्षिणेकडे कलत होता. १९३४ मध्ये मुसोलिनीनं फर्मान काढलं, हा सरळ करा. पायात भोकं पाडून सिमेंट भरलं. मनोरा आणखी कलला. ("मंत्र्यांचा दौरा," साहेब म्हणाले. स्पष्टीकरण दिलं नाही.) १९६२ मध्ये फर्नांदो तेर्रासिना नावाच्या अभियंत्यानं साधी कल्पना मांडली : कललेल्या बाजूला टेकू देऊ नका, उलट्या बाजूची माती खालून हळूहळू काढा, मनोरा आपणहून मागे येईल. कुणी लक्ष दिलं नाही. १९८९ मध्ये पाव्हिया शहरातला जुना मनोरा अचानक कोसळला, माणसं दगावली, आणि सरकारला घाम फुटला. १९९० च्या जानेवारीत पिसाचा मनोरा लोकांना बंद केला, तज्ज्ञांची समिती नेमली. उत्तरेच्या बाजूला सहाशे टन शिशाचे ठोकळे रचून १९९३ मध्ये कल तात्पुरता रोखला. १९९५ मध्ये जमीन द्रव नायट्रोजननं गोठवून पायथ्याशी काम काढलं, तर मनोरा रातोरात दक्षिणेकडे सरकायला लागला. घाईघाईनं आणखी शिसं चढवावं लागलं.

"आणि शेवटी केलं काय? तेर्रासिनानं १९६२ ला सांगितलं होतं, तेच." साहेब थांबले. "सदतीस वर्षं नस्ती पडून होती. पण रद्द केली नव्हती कुणी, हे महत्त्वाचं."

उत्तरेच्या बाजूनं तिरपे नळ घालून थोडी थोडी माती उपसली. सगळी मिळून साधारण ३८ घनमीटर. कलत्या टोकाचं सुमारे चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर अंतर मागे आलं आणि २००१ च्या डिसेंबरात मनोरा पुन्हा उघडला. साहेबांनी मनातल्या मनात हिशेब केला. "साडेतेरा ब्रास. कळतंय का? साडेतेरा ब्रास माती! आपल्याकडे एका बंगल्याच्या पायाला याहून जास्त निघते. तीन-चार ट्रक. एवढ्याशा मातीसाठी अकरा वर्षं विचार केला त्यांनी. याला म्हणतात नियोजन."

लेकीनं फ्रँकफर्टहून दोघांसाठी मनोऱ्यावर चढायची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. ठरलेल्या वेळीच आत सोडतात. साहेबांनी नकार दिला. "वर काय आहे? सगळं प्रकरण खाली आहे." गुडघेही होतेच. वहिनींनी तिकिटाची किंमत नव्वदनं गुणली, उत्तर ऐकून स्वतःच दचकल्या आणि मला म्हणाल्या, "तू चल." अशी मी साहेबांच्या जागी चढले.

आत शिरल्यावर पहिल्यांदा पोटात गोळा येतो. मनोरा आतून पोकळ, आणि पायाखालची जमीनच एका बाजूला ओढते. जिना भिंतीच्या जाडीतून गोल गोल वर जातो. संगमरवरी पायऱ्या माणसांच्या चालण्यानं खोलगट झिजल्यात, आणि गंमत म्हणजे झीज एका जागी नाही : एका वळणावर तोल आतल्या भिंतीकडे जातो, पुढच्या वळणावर बाहेरच्या, आणि आठशे वर्षांच्या पावलांनी तिथं तिथं खळगे केलेत. मी भिंत धरून चढत होते. वहिनी सरळ. "आमच्या एका क्वार्टरचं स्वयंपाकघर असंच होतं," त्या म्हणाल्या. "वरण ताटात एका कडेला जायचं. सवय होते गं."

मी विचारलं, एवढं सगळं साहेबांच्या तोंडून ऐकून कंटाळा नाही का येत?

"ऐकत कुठे असते मी? मी मोजते. कितव्यांदा सांगताहेत ते. हे पिसाचं व्हिसाच्या मुलाखतीच्या दिवसापासून चालू आहे. त्या काउंटरवरच्या मुलीलाही सांगितलं. तिनं विचारलं, पर्पज ऑफ व्हिजिट? हे म्हणाले, फाउंडेशन." दोन पायऱ्या थांबून त्या पुढे म्हणाल्या, "पण एक सांगते, आम्ही दोघं मिळून बघायला निघालेली ही पहिलीच इमारत. एरवी हे बघायला निघायचे आणि मी डबा द्यायची."

घंटाघराच्या मजल्यावर सात घंटा आहेत. तिथे वर चढायला दक्षिणेच्या बाजूला सहा पायऱ्या आणि उत्तरेच्या बाजूला चार. शेवटचा मजला बांधताना खालचा कल दिसतच होता, म्हणून कारागिरांनी तो जरा उलट बसवला. त्या भरपाईच्या दोन पायऱ्या जास्त. खालून नीट पाहिलं तर म्हणूनच सगळा मनोरा सरळ रेषेत कललेला नाही, किंचित बाक घेऊन उभा आहे. वहिनींनी दोन्हीकडच्या पायऱ्या मोजल्या आणि पहिल्यांदाच प्रसन्न झाल्या. "चूक झाकायला गेलं की असं दोन पायऱ्यांचं काम वाढतं."

वरून पिसाची लाल छपरं, पलीकडे डोंगर, खाली कॅथेड्रलचा क्रूसाच्या आकाराचा विस्तार. गॅलिलिओ याच गावात १५६४ मध्ये जन्मला आणि त्यानं इथून वजनं खाली टाकून पाहिली अशी गोष्ट त्याचा शिष्य विवियानी सांगून गेला. तिची शहानिशा करत तिथले पर्यटक कठड्यावरून वाकत होते. वहिनी मात्र बराच वेळ कॅथेड्रलच्या छपराकडे बघत राहिल्या. मला वाटलं, भारावल्या. त्या म्हणाल्या, "एवढं मोठं छप्पर, आणि कुठे निळी ताडपत्री नाही."

मग त्यांनी इकडेतिकडे पाहून, पहारेकऱ्याची पाठ वळल्यावर, हातातल्या बाटलीतून चार थेंब फरशीवर सोडले. पाणी सरळ एका दिशेनं धावलं. "नवं क्वार्टर मिळालं की सामान उतरवायच्या आधी मी हेच करायची. कुठं पलंग ठेवायचा, कुठं नाही, लगेच कळतं."

खाली आलो तर साहेब गायब. माझा नवराही. दोघं सापडले मनोऱ्याच्या उत्तरेला, जिथे एकही पर्यटक उभा राहत नाही, कारण तिथून फोटोत टेकू देता येत नाही. नवरा थकलेल्या चेहऱ्यानं मोबाइल धरून होता आणि साहेब मनोऱ्याकडे पाठ करून हिरवळीकडे बोट दाखवत होते. फोटोत गवत आणि साहेब. मनोरा नाही. "याच्याखालून काढली माती," त्यांनी मला सांगितलं. तीर्थावर आलेल्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे. तो असाच असतो.

"उतार दक्षिणेला आहे," वहिनींनी अहवाल दिला.

"तेच तर ओळंब्यानं मी सांगितलं."

"तुम्हाला दोरा लागला, कुलूप लागलं. मला चार थेंब पाणी."

आता वहिनींनी आपली एकुलती एक मागणी मांडली. दोघांचा एक फोटो. सगळे काढतात तसा, टेकू देताना. घरात साहेबांचे फोटो ढिगानं होते, पण सगळे भूमिपूजनाचे आणि उद्घाटनाचे : पुढे मंत्री, मागे आमदार, त्यामागे कंत्राटदार आणि त्याच्या खांद्यावरून साहेबांचं अर्धं कपाळ. वहिनी एकाही फोटोत नव्हत्या.

साहेब अडून बसले. टेकू देणं तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. दक्षिणेकडून रेटून हा मनोरा सरळ झालेला नाही, उत्तरेकडून ओढून झालाय. एवढे सगळे लोक रोज जगभर चुकीची माहिती पसरवतात. आपण त्यात भर घालायची का?

वहिनींनी वाद घातला नाही. त्या दक्षिणेच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही तळवे हवेत टेकले. "मी रेटते. तुम्ही ओढा."

साहेबांनी विचार केला. यात नियमबाह्य काही नव्हतं. ते उत्तरेला जाऊन उभे राहिले, हवेतली दोरी दोन्ही हातांनी धरली आणि पाय रोवून मागे रेलले. नवऱ्याला तिघं एका चौकटीत बसवायला बराच वेळ लागला. कधी वहिनींचा हात कॅथेड्रलमध्ये शिरे, कधी साहेबांची दोरी तिसऱ्याच कुणाच्या गळ्यात जाई. मधून साहेब सूचना करत : "अगं, थोडं खाली! गुरुत्वमध्य खाली असतो." वहिनी हसत होत्या, इतक्या की त्यांचे तळवे हलत होते. शेवटी एक फोटो बरा आला. त्यात मनोरा मधोमध आहे, एका बाजूनं वहिनी मनापासून रेटताहेत आणि दुसऱ्या बाजूनं साहेब सरकारी गांभीर्यानं ओढताहेत. मी फोटो फार जवळून पाहिला. मनोरा जरा सरळ वाटतो.

परतताना वहिनींनी एका टपरीवर थांबायचं ठरवलं. विकणारा मुलगा बांगलादेशचा निघाला, त्यामुळे घासाघीस हिंदीत झाली आणि दोन्ही पक्षांना बरं वाटलं. वहिनींनी वीतभर उंचीचा मनोरा उचलला. साहेबांनी तो त्यांच्या हातातून घेतला, टपरीच्या फळीवर ठेवला आणि अंगठ्यानं कोन मापला.

"हा नको. हा साडेपाच अंशांचा आहे. नव्वदच्या आधीचं मॉडेल."

"सब एकही है, अंकल," मुलगा म्हणाला.

"एक कैसे? दुरुस्ती के बाद का दिखाओ."

मुलानं टपरीतले सगळे मनोरे काढून दाखवले. साहेबांनी प्रत्येकाला अंगठा लावला. काही साडेपाच, काही सात, एक तर जवळजवळ आडवाच. 'दुरुस्तीनंतरचा' एकही निघाला नाही. मागे आमच्याच गटातली चार माणसं खोळंबली होती आणि टूर मॅनेजर लांबून शिट्टी फुंकत होता. शेवटी वहिनींनी एक कलता कप घेतला, तोही निम्म्या किमतीत. साहेबांनी विचारलं, याला दोषदायित्व कालावधी किती? मुलानं वहिनींकडे पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "छोड दो बेटा, सरकारी आदमी है."

बसला आम्ही उशिरा पोचलो. सगळे आधीच बसलेले, चेहरे ताठ. टूर मॅनेजरनं वातावरण सैल करायला माइक साहेबांकडे दिला : "साहेब, पाच मिनिटांत जरा सांगता का सगळ्यांना मनोऱ्याबद्दल?" पोरगं नवीन होतं. वहिनींनी हात पुढे करून माइक अडवायचा प्रयत्न केला, पण उशीर झाला होता. साहेबांनी फोल्डर उघडला, घसा साफ केला आणि मातीच्या थरांपासून सुरुवात केली.

वहिनी शाल डोक्यावरून घेऊन झोपल्या. पुढच्या बाकांवरचे आधी झोपले, मग मधले. मागच्यांनी चिवडा काढला. तास-सव्वा तासानं फ्लॉरेन्सच्या इमारती दिसू लागल्या, तेव्हा चौथ्या मजल्याला नुकता हात लागला होता आणि साल होतं ११७८. टूर मॅनेजरनं विनवणीच्या सुरात माइक मागितला. साहेबांनी तो शांतपणे परत दिला, फोल्डरच्या त्या पानाला खूण घातली आणि म्हणाले, "हरकत नाही. इथे काम थांबलंच होतं. उरलेलं रोमच्या रस्त्याला."